बिनकामाचा दाणा

मुरमाला निदान चरित्र तरी असतं. तो उगवतो, लाल होतो, ठसठसतो, पिकतो आणि नेमका साखरपुड्याच्या आदल्या दिवशी फुटतो. जाताना डागही ठेवून जातो. चामखिळीला वयाचा मान आहे. तीळ तर जागा बघून भाग्यच ठरवतो. या सगळ्या गोतावळ्यात डोळ्याखाली किंवा गालावर येणारा तो वरईएवढा पांढरा दाणा मात्र अगदीच निरुद्योगी. खाजत नाही, दुखत नाही, पिकत नाही, एका मर्यादेपलीकडे वाढतही नाही. आला की बसला. डॉक्टर त्याला मिलिया म्हणतात, बाकीचे ‘ते काय आलंय गं तुझ्या डोळ्याखाली?’ असं म्हणतात.

माणसाला चेहऱ्यावर काहीतरी वाईट असलेलं चालतं, पण बिनकामाचं असलेलं चालत नाही, असं माझं मत होत चाललंय. मुरमाला आपण सवलत देतो; वय आहे, उष्णता आहे, जागरणं आहेत. दाण्याला कारण सापडत नाही, म्हणून लोक ते शोधून देतात. दुपारच्या लोकलच्या लेडीज डब्यात समोर बसलेल्या बाई डोंबिवलीला चढल्या. कोपर गेलं तरी त्या माझ्याकडेच बघत होत्या. ‘रागावू नका हं ताई,’ अशी सुरुवात झाली. दिव्याला पोट साफ होतं का, ही चौकशी झाली. मुंब्र्याला निदान झालं : चरबी. कळव्याला त्यांनी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, पदराला पुसली आणि म्हणाल्या, ‘एक मिनिटाचं काम आहे. माझ्या जावेचे असेच काढले मी.’ मला खरं तर मुलुंडला उतरायचं होतं, पण मी ठाण्यालाच उतरले. त्या बाईंच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. जावेबद्दल मात्र अजून काळजी वाटते.

चरबीचा हा आरोप सगळीकडे होतो. पांढरं दिसतं म्हणून लोक तूप बंद करतात, शेंगदाणे बंद करतात. आत चरबी नसतेच. आपली कातडी सतत नवी होत असते. खालच्या पेशी वर सरकत सरकत साधारण महिन्याभरात गळून पडतात. त्यांच्यात केराटिन नावाचं प्रथिन असतं, ज्याची नखं आणि केस बनतात तेच. यातलं थोडंसं कधीतरी बाहेर पडायच्या ऐवजी आतच अडकतं आणि त्याच्याभोवती इवलीशी पिशवी तयार होते. झाला दाणा. काळ्या पुटकुळीला, म्हणजे पार्लरवाल्यांच्या ब्लॅकहेडला, वर तोंड असतं, म्हणून ती दाबली की बाहेर येते. याला तोंडच नाही. मग तो दाबून कुठून येणार? तरी लोक आरशासमोर उभे राहून दोन्ही अंगठ्यांनी गाल पिळतात. दाणा जिथल्या तिथे राहतो आणि त्याच्याभोवती दोन लाल चंद्रकोरी उमटतात. संध्याकाळी लोक दाण्याबद्दल नाही, चंद्रकोरींबद्दल विचारतात.

पापणीच्या आतल्या कोपऱ्यात पिवळसर, चपटा थर आला, तर गोष्ट वेगळी. तिथे रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासून घेणं शहाणपणाचं. मधोमध बारीक खळगा असलेले आणि एकाचे दहा होणारे दाणे विषाणूचेही असतात, मुलांमध्ये जास्त. पण एवढा फरक करत बसायला सल्लागारांना वेळ नसतो. हळद लाव, टूथपेस्ट लाव, सायीत डाळीचं पीठ कालवून खरखरून घास, हे सगळ्याला सारखंच सांगितलं जातं.

घासण्यावरून आठवलं. या दाण्यांचे सर्वांत जास्त मालक आपल्यातल्या सर्वांत लहान मंडळींमध्ये आहेत. जन्मलेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या नाकावर, गालावर, हनुवटीवर हे बारीक पांढरे ठिपके असतात. काही आठवड्यांत ते आपले आपण नाहीसे होतात. काहीही करावं लागत नाही. आणि ‘काहीही करू नका’ हे वाक्य बाळंतिणीच्या घरात कोणालाच पटत नाही. मालिशवाल्या मावशी बाळाला पायांवर आडवं घेतात, एका हाताने त्याची मान सावरतात आणि नाकाकडे बघून आजीला दिलासा देतात, ‘काळजी करू नका, आठ दिवसांत रगडून काढते.’ मग डाळीचं पीठ येतं. बाळ जिवाच्या आकांताने रडतं. ठिपके ठरल्या वेळी जायचे तसे जातात आणि श्रेय पिठाला मिळतं. ती नाजूक कातडी मात्र त्या पिठाने उगाच लाल होते. असेच मोत्यासारखे ठिपके बाळाच्या तोंडात, टाळूवर आणि हिरड्यांवरही दिसतात. ते दात समजून घरात एकच गडबड उडते, आणि वरचे दात आधी आले की मामाला जड, ही समजूत अजून टिकून असल्यामुळे पहिला फोन मामाला जातो.

मोठ्यांचे दाणे इतके समजूतदार नसतात. ते महिनोन्‌महिने राहतात. काहींना ते भाजल्यावर किंवा फोड येऊन गेल्यावर त्या जागी येतात, काहींना अनेक वर्षांच्या उन्हाने. डोळ्यांभोवती जाड, तेलकट क्रीम थापण्याची हौस असेल तर ती आधी आवरावी. त्याहून वाईट म्हणजे केमिस्टकडून आणलेली ‘गोरं व्हायची’ ट्यूब. तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते महिनोन्‌महिने चोळलं की कातडी पातळ होते, मुरमं येतात आणि हे दाणेही येतात. 2018 साली सरकारने अशी काही मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी मैत्रिणीच्या पर्समधून मैत्रिणीच्या पर्समध्ये ती जातातच. गोरेपणाच्या नादात चेहऱ्याला पांढरं काहीतरी मिळतं, पण ते असं.

काढायचाच असेल तर काम खरोखर एका मिनिटाचं आहे, तेवढं त्या लोकलमधल्या बाईंचं बरोबर होतं. फक्त पिन वेगळी लागते. चामडीचे डॉक्टर भिंगाचा दिवा जवळ ओढतात, जागा स्पिरिटने पुसतात आणि निर्जंतुक सुईच्या टोकाने वरच्या कातडीला सूक्ष्म छेद देतात. मग थोडा दाब. पांढऱ्या गॉझवर एक गोळी येऊन पडते : टणक, गुळगुळीत, दोन बोटांत धरली तर निसटणारी, चिमटीत दाबली तरी न पसरणारी. एवढ्यासाठी शेंगदाणे सोडले होते, हे बघून माणूस खट्टू होतो. ‘एवढंच?’ असं प्रत्येक जण विचारतो म्हणे. जास्त असतील तर काही डॉक्टर विजेच्या सुईने जाळतात किंवा लेझर वापरतात. रात्री लावायची रेटिनॉइडची मलमंही असतात, पण ती फार सावकाश काम करतात आणि गरोदरपणात वर्ज्य. एक काढला म्हणजे दुसरा येणारच नाही, अशी हमी कोणी देत नाही.

मला स्वतःला विचाराल तर मी माझा ठेवलाय. भिंगाच्या आरशात तो बोराएवढा दिसतो, हातभर अंतरावरून दिसतच नाही, आणि मोबाईलचा कॅमेरा तर त्याला न विचारता पुसूनच टाकतो. कोणाला काढावासा वाटला तर खुशाल काढावा. त्यात नटवेपणा बिलकूल नाही. मात्र तो वाढत असेल, रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल तर घरी तर्क न करता डॉक्टरांना दाखवावा. आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसला, तर त्याने विचारल्याशिवाय बोलू नये. त्याच्याही घरी आरसा आहे.