तिजोरी जमिनीत पुरण्यापूर्वी

जमिनीतली तिजोरी घ्यायची ठरल्यावर सर्वप्रथम घराला जमीन आहे का, ते पाहावे. प्रश्न अपमानास्पद वाटेल, पण विचारावा लागतो. नेहमीच्या इमारतीतला स्लॅब जेमतेम पाच-सहा इंचांचा. तिजोरी निदान फूटभर खोल. म्हणजे तुमच्या बेडरूममध्ये पुरलेल्या तिजोरीचा तळ खालच्या काकांच्या पंख्याशेजारी लोंबणार. पहिल्या मजल्यावरच्यांनी हुरळून जाऊ नये. त्यांच्या खाली पार्किंग असते, आणि तिथे लोंबणारी तिजोरी सामाईक जागेतले अतिक्रमण ठरते. सोसायटीचे सेक्रेटरी अशा संधीची वर्षानुवर्षे वाट पाहत असतात.

तेव्हा हे मार्गदर्शन बंगलेवाल्यांसाठी, आणि गावच्या घराची रीतसर वाटणी झालेल्यांसाठी. वाटणी व्हायची असेल तर अजिबात खणू नये. तुम्ही काही पुरत आहात यावर एकाही चुलत्याचा विश्वास बसणार नाही.

‘मग बँकेचा लॉकर काय वाईट?’ असे घरात विचारले जाईल. उत्तर तयार ठेवावे. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी झाली, आग लागली किंवा बँकेच्याच माणसाने हात मारला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडे तीन हजार असेल तर तीन लाख. त्यात मंगळसूत्र बसेल, आजेसासूबाईंच्या पाटल्या बसायच्या नाहीत.

दुकानात विक्रेता तिजोरीवर थाप मारून दाखवतो. आपणही मारावी. त्यातून काही कळत नाही. पण न मारल्यास गिऱ्हाईक कच्चे आहे, हे त्याला कळते. खरे बळ भोवतीच्या काँक्रीटमध्ये असते. तळाला आणि चारी बाजूंना निदान चार-चार इंच हवे. कपाटाएवढी तिजोरीसुद्धा चोर टेम्पोत घालून नेतात. ही न्यायची तर घराचा पाया न्यावा लागेल. आगीतही ही बरी, कारण उष्णता वर जाते. बंबाचे पाणी मात्र खाली येते.

चोर येईल न येईल, पाणी नक्की येते. तिजोरीला बाहेरून जाड प्लॅस्टिक गुंडाळा, डांबर फासा, आत ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. कोकणातला जुलै तरीही आत शिरतो. सोन्याला काही होत नाही. सात-बारा, खरेदीखत आणि एफडीच्या पावत्यांवर मात्र हिरवट लव उगवते. शिवाय झाकण फरशीच्या पातळीत असल्याने लादी पुसणाऱ्या मावशींच्या बादलीतला थोडा वाटा रोज आत झिरपतो. मावशींना ‘तिथे पुसू नका’ असे कदापि सांगू नये. त्या क्षणापासून जागा आळीत जाहीर होते.

आता गुप्तता. या तिजोरीचे सगळे माहात्म्य ती कुणाला ठाऊक नसण्यात आहे. ठाऊक फक्त खड्डा खणणारा गवंडी, त्याचे दोन बिगारी, तिजोरी वाहून आणणारे हमाल, टेम्पोवाला आणि फरशीवाला यांना असते. शेजारी ब्रेकरचा आवाज ऐकून ‘लीकेज का हो?’ म्हणून डोकावतात. ‘हो’ म्हणावे, तर ते आपला प्लंबर पाठवतात. काम संपल्यावर वर बसवायला त्याच छटेची लादी मिळत नाही. पंधरा वर्षांपूर्वीची छटा कंपनीने बंद केलेली असते. नवी किंचित पिवळी पडते, आणि पाय लागला की पोकळ वाजते. म्हणून वर सतरंजी टाकतात. भर मे महिन्यात, पंख्याखाली, खोलीच्या कोपऱ्यात एकच हातभर सतरंजी. पाहुणे तिच्याकडे पाहतात आणि मुद्दाम दुसरीकडे बसतात.

धार्मिक बाजूही पाहावी. वर्षभर जिच्यावरून चपला घालून जायचे, तिचीच लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहून पूजा करायची, हे सासूबाईंना पटणे कठीण. पलंगाखाली पुरल्यास पाय लागत नाही, पण मग देवीवर झोपल्याचा दोष लागतो.

उघडण्याचा सराव दुकानातच करावा. पालथे पडून, एका हातात टॉर्च धरून, नाकाजवळचे आकडे जुळवायचे असतात. पुरण्याइतके सोने साठते त्या वयात गुडघे साथ सोडतात, आणि जवळचा चष्मा तर तिजोरीतच राहिलेला असतो.

शेवटी, जागा निदान एका माणसाला सांगून ठेवावी. हे न करता वारलात, तर पुढेमागे रिडेव्हलपमेंटवाला येतो आणि जेसीबीच्या दातात तिजोरी अडकते. अशा वेळेसाठी 1878 चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडवलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला, तर कलेक्टरना लेखी कळवावे लागते. ऐवज बेवारस ठरला, तर जागामालकाशी वेगळा करार नसल्यास सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश मिळतात आणि जागामालकाला एक. तुमच्या मुलांना जेसीबी चालवता येत असेल, तर कुणालाच न सांगण्याचा पर्याय खुला आहे.