मृत कलमाची तळटीप

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ दोन अवस्थांत आढळते : जिवंत आणि रद्द. दोन्ही अवस्थांत ते सारखेच काम करते.

कायदा २००० सालचा. हे कलम २००८ च्या दुरुस्तीने त्यात शिरले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. संगणक वा मोबाइलवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणे, किंवा खोटी माहिती वारंवार पाठवून कोणाला वैताग आणणे हा त्याखाली गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. वैतागाची व्याख्या कायद्यात नव्हती. ती वैतागणाऱ्यावर सोपवलेली होती, आणि वैतागणारा बहुधा असा निघे, की ज्याच्या एका फोनवर ठाणे अंमलदार उठून उभा राहतो.

२४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून पूर्णपणे रद्द केले. गैरवापर होणार नाही अशी हमी सरकारकडून सुनावणीत देण्यात आली होती. त्यावर निकालात म्हटले गेले, की सरकारे येतील आणि जातील, कलम मात्र कायम राहील. हे रद्द करण्याचे कारण होते. पुढे ते भाकीत ठरले.

२०२१ मध्ये मोजदाद झाली तेव्हा ११ राज्यांतल्या जिल्हा न्यायालयांत या कलमाखालचे ७४५ खटले चालू होते. निकालानंतर नवे गुन्हे नोंदवण्यात महाराष्ट्र आघाडीवर होता. पुरोगामी राज्य कशातच मागे राहत नाही.

याला कारण म्हणून सरकारकडून तळटीप पुढे करण्यात आली. कायद्याच्या पुस्तकात कलम जसेच्या तसे छापलेले असते. ते रद्द झाल्याची नोंद पानाच्या तळाशी, बारीक टायपात. अधिकारी कलम पाहतो, तळटीप पाहत नाही. खाली पाहण्याची सरकारी नजरेला सवय नसते, हे मान्य. पण ही नजर अधू नाही. कॉलेजातल्या पोराने रात्री दीडला टाकलेल्या स्टेटसमधल्या हसऱ्या चेहऱ्याचा रोख कोणत्या साहेबांकडे आहे, हे तिला सकाळी सातला कळते. चार ग्रुप फिरून आलेल्या मीमचा मूळ धनी तिला सापडतो. वर्षानुवर्षे पानाच्या तळाशी पडून असलेली एक ओळ तेवढी सापडत नाही. निवृत्त मास्तरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन अडते. कलमाकडे असा दाखला कोणी मागत नाही. मागतो तो आरोपी. कलम मेले आहे हे दाखवायला त्याने वकील लावायचा, रजा टाकायची, तारखेला हजर राहायचे आणि पुढची तारीख घेऊन घरी यायचे. मोबाइल मुद्देमालात पडलेला, नव्याचे हप्ते सुरू. तळटीप न वाचणाऱ्याचा पगार या काळात चालू असतो, बढतीही अडत नाही. नागरिकाने कायदा माहीत नव्हता म्हटले तर ती सबब ठरते. कायदा राबवणाऱ्याने म्हटले तर ती छपाईची अडचण. हा निव्वळ निर्लज्जपणा आहे, असे लिहायला हरकत नसावी. पण कोणाला वैताग यायचा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले : या कलमाखाली कोणावर खटला चालवू नका, नवे गुन्हे नोंदवू नका. सोबत दुसरी कलमे लावली असतील तर ती तशीच राहतील. अनुभवी माणूस ती आधीच लावून ठेवतो. शिवाय कायद्याचे पुस्तक सरकारी असो वा खासगी, त्यात ६६-अ छापले असेल तर ते घटनाबाह्य ठरले आहे, हे वाचकाला पुरेसे कळेल असे सांगावे, असाही आदेश झाला. ती ओळ किती मोठ्या टायपात असावी, याबद्दल आदेशात काही नाही.