सौम्य सिगार, मुक्काम गुढियारी

सिगारची परीक्षणे वाचताना मला नेहमी भूक लागते. विषय धुराचा, पण जाणकार मंडळी पानभर फराळ मांडतात: भाजलेले बदाम, साय, मध, कोको. तोंडी लावायला वाळलेले गवत आणि देवदाराचे लाकूड. तंबाखूची चव तेवढी कुणाला लागलेली दिसत नाही. शिवाय सिगारचे तीन भाग कल्पून प्रत्येक भागाला वेगळा शेरा. आमचे सहामाहीचे पेपरही कुणी एवढ्या आस्थेने तपासले नव्हते.

अमेरिकेहून आलेल्या भाच्याने "मामा, ही अगदी माइल्ड आहे" म्हणत एक सिगार हातावर ठेवली आणि परीक्षकाची खुर्ची घरी चालत आली. वरचे पान फिकट सोनेरी, शिरा शोधाव्या लागतील इतके तलम. कनेक्टिकटमध्ये हे पान कापडी मांडवाखाली वाढवतात, म्हणजे ते पातळ आणि फिकट राहते. सिगारच्या पोटात तंबाखू, त्याला आवळून धरणारे एक पान आणि दर्शनी अंगाला हे. सर्वांत महाग पान हेच. माणसांतही दर्शनी अंगावरच जास्त खर्च होतो, त्यामुळे मला नवल वाटले नाही.

'माइल्ड'चे मात्र जरा जपून घ्यावे. भारताने 2004 साली मान्य केलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू करारात दिशाभूल करणाऱ्या शब्दांची उदाहरणे दिली आहेत, त्यांत हा शब्द आहे. सौम्य असते ती चव. फुप्फुसांना आणि तोंडाला तो तंबाखूच. सिगारचा धूर गिळायचा नसतो, तोंडात घोळवून सोडायचा असतो, एवढ्याने हिशेब मिटत नाही.

खरी अडचण हवेची होती. सिगारला पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता लागते, आणि मे महिन्यातल्या रायपूरमध्ये भिंतीवरचे कॅलेंडरसुद्धा वाळून वाजते. हौशी लोक त्यासाठी खास लाकडी पेटी बाळगतात. मी ओल्या कापसाचा बोळा घालून स्टीलचा डबा केला आणि स्वयंपाकघरात गार कोपरा पाहून ठेवला. दुसऱ्या दिवशी आतून आवाज आला, "अहो, हिंगाच्या डबीला चिकटून हे काय ठेवलंय?"

संध्याकाळी ओट्यावर बसलो. गुढियारी म्हणजे स्टेशनाच्या पलीकडची घाऊक बाजाराची आणि गोदामांची वस्ती. अंडरब्रिज ओलांडला की नाकाला कळते की आपण पोहोचलो. मिरचीची पोती उतरत असतात, गूळ पाझरत असतो, मधूनच डिझेल. अशा ठिकाणी देवदाराचा मंद गंध ओळखू पाहणे म्हणजे वरातीत बसून तानपुरा जुळवणे. तरी रीत सोडली नाही. अंगठा नि तर्जनीत धरून सिगार दाबत गेलो, कुठे पोकळ लागली नाही. टोक कापून न पेटवताच एक दम ओढला. जाणकारांना इथे वाळलेले गवत लागते. मलाही लागले, पण त्यामागून हिंग आला.

पेटवल्यावर मात्र मान्य करावे लागले: धूर मऊ होता, घशाला बोचत नव्हता आणि जिभेवर दुधाळ गोडवा ठेवून जात होता. राख पांढुरकी, बोटाच्या पेराएवढी होऊनही पडेना. 1887 सालच्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स नुसत्या राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखतो. म्हणजे राख वाचण्याच्या विद्येत आपल्या देशाचे नाव सुरुवातीपासून आहे.

शेजारच्या गोदामाचे म्हातारे चौकीदार बबा बराच वेळ बघत होते. त्यांच्या गावाकडे पानाच्या सुरळीत माखुर, म्हणजे तंबाखू भरून चोंगी ओढतात. सिगार डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी गुंडाळणी पाहिली, वास घेतला आणि निकाल दिला, "एहा तो चोंगीच आय बाबूजी, फेर सूट पहिरे हे." चोंगीच, पण सूट घातलेली. परीक्षणे इतकी वाचली, एवढे नेमके कुणी लिहिलेले नाही.

मग त्यांनी आपल्या बंडलातली विडी काढली. बोटांत हलके फिरवून कानाशी नेली, पान कुरकुरते का ते ऐकले, दोरा घट्ट आहे का आणि दुमडलेले तोंड फाटले नाही ना ते पाहिले. सगळे मिळून दोन क्षण. कटर नाही, पेटी नाही, पण परीक्षा तीच. त्या विडीतला तंबाखू बहुधा निपाणीकडचा किंवा गुजरातच्या चरोतरातला असणार. त्याच निपाणीच्या शेतकऱ्यांनी 1981 मध्ये शेतकरी नेते शरद जोशींबरोबर तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवला होता. आणि पान इकडचे, तेंदूचे. हे पान मांडवाखाली वाढत नाही. जंगलात झुडपांची छाटणी करतात, उन्हाळ्यात कोवळी पालवी फुटते आणि माणसे पहाटे उठून ती खुडतात. पन्नास पानांची गड्डी, हजार गड्ड्यांचा मानक बोरा. छत्तीसगड सरकारने 2024 मध्ये बोऱ्याचा दर साडेपाच हजार केला. भागाकार केला तर एका पानाला अकरा पैसे. इथले दर्शनी पान हेच.

आणखी एक फरक बसल्या बसल्या कळला. सिगारला मिनिटाला एखादा दम पुरतो, ती तासभर आपली वाट बघते. विडी दुर्लक्ष केले की विझते. मधेच ट्रक आला, बबांना फाटक उघडायला उठावे लागले आणि विडी विझली. परत येऊन त्यांनी ती पुन्हा पेटवली. माझी अजून दुसऱ्या तृतीयांशात होती. जाणकार ज्याला मलईदार म्हणतात, त्यात बराच वाटा रिकाम्या तासाचा असावा असा मला संशय आहे. तो तास परीक्षणात कुणी मोजत नाही.

शेवटच्या भागात किंचित कडवटपणा आला, तसा तो येतोच, तिथे थांबावे. घडण उत्तम, धूर गुळगुळीत, सुगंध हजर पण भिडस्त. गुण दहापैकी सात. एक गुण हिंगाचा कापला आहे, त्यात सिगारचा दोष नाही. पुन्हा कुणी दिली तर नको म्हणेन. बबांनाही विडी सोडायला सांगून पाहिले आहे, ते हसतात.