क्लबहाउसच्या द्वारपालास, सा. न. वि. वि.

श्री. वॉचमनकाका,
क्लबहाउसचं काचेचं दार, डावीकडचं स्टूल.

पत्रास कारण की, गेल्या सोमवारी सकाळी साडेसहाला आपण माझ्या आईला सोसायटीच्या जिममध्ये जाऊ दिलं नाहीत. त्याबद्दल सर्व रहिवाशांच्या वतीने आपलं हार्दिक अभिनंदन. वय ७१, दोन्ही गुडघे बदललेले, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. अशा धोकादायक इसमाला आपण ऐन वेळी रोखलंत. ती आत घुसली असती तर सायकलवर बसून दहा मिनिटं पायडल मारून परत आली असती. डॉक्टरांनीच सांगितलंय तिला तसं. केवढा अनर्थ टळला! आणि कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याची साधी दखल नाही. म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे आणि नोटीस बोर्डाच्या काचेवर बाहेरून चिकटवते आहे. आतून लावायला हवं होतं, पण त्या काचेची किल्ली सेक्रेटरींकडे असते.

वैकुंठाच्या दारावर जय आणि विजय होते. सनकादिक ऋषी आले, दिसायला पाच-पाच वर्षांची पोरं, म्हणून या दोघांनी अडवलं आणि तीन जन्म आसुरी योनीत काढले. तुमची केस मात्र त्यांच्यापेक्षा अवघड आहे काका. त्यांनी ऋषींना ओळखलं नाही, हा त्यांचा बचाव तरी होता. तुम्ही आईला चांगलं ओळखता. संध्याकाळी ती खाली फेऱ्या मारते तेव्हा "आजी, आज कमी झाल्या" म्हणून तुम्हीच तिला टोकता. तिच्या ऑपरेशननंतर व्हीलचेअर रॅम्पवरून वर चढवायला तुम्हीच धावला होतात. सोमवारीही तुम्ही आधी "या आजी" म्हणालात आणि मग भिंतीवरच्या डबीकडे बोट केलंत.

"अंगठा लावा."

पुढचा प्रसंग मी पार्किंगमधून येताना काचेतून पाहिला. आईने उजवा अंगठा लावला. डबीतली बाई म्हणाली, "प्लीज ट्राय अगेन." आईने अंगठा पदराला पुसला, परत लावला. प्लीज ट्राय अगेन. मग डावा. मग तर्जनी. तुम्ही रुमालाने काच पुसलीत. मग तुम्ही तिला जे सांगितलंत ते ऐकून मी दारातच थबकले: "आजी, अंगठा जरा केसांना घासा, तेलाने उमटतो." आणि माझी आई, जिने पोस्टाच्या काउंटरवर अख्खी नोकरी काढली, जिच्यापुढे अंगठेबहाद्दरांची मनीऑर्डरची रांग लागायची, ती सकाळी साडेसहाला क्लबहाउसच्या दारात डोक्याला अंगठा घासत उभी राहिली.

तरी डबीतल्या बाईचं समाधान झालं नाही.

तुम्ही रजिस्टर पुढे केलंत. रजिस्टरमध्ये नाव, फ्लॅट, वेळ, सही. आईने सगळं भरलं, सुवाच्य अक्षरात. नायलॉनच्या दोरीने टेबलाला बांधलेलं ते पेन अर्धी अक्षरं कोरडीच ओढतं, म्हणून पर्समधलं स्वतःचं काढून भरलं. मग तुम्ही म्हणालात, "रजिस्टर फक्त नोंदीला आहे आजी. दार अंगठ्यानेच उघडतं. मॅनेजरसाहेब दहाला येतात." आणि तिला बसायला तुमचं स्टूल दिलंत.

आता हे वाचणाऱ्यांपैकी कोणी म्हणेल, मशीन आहे, चालायचंच. नाही चालायचं. वय झालं की कातडी कोरडी पडते, बोटांच्या रेषा सपाट होत जातात. डिंक, साबण, चुना, सिमेंट, माती यांत ज्यांचे हात गेले त्यांच्या वयाच्या आधीच झिजतात. हे काही शास्त्रज्ञांचं गुपित नाही. रेशनच्या दुकानात यंत्रासमोर अंगठा चोळत उभी असलेली म्हातारी माणसं कुठल्याही तालुक्यात बघायला मिळतील. केंद्र सरकारने २०१४ साली पेन्शनवाल्यांसाठी ‘जीवन प्रमाण’ काढलं, त्यात हयातीचा दाखला बोटाच्या ठशाने किंवा बुबुळाने घरबसल्या मिळू लागला. तरी वृद्धांची बोटं यंत्राला पटेनात, तेव्हा २०२१ पासून नुसता चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली. दर नोव्हेंबरात आई मोबाइलसमोर बसते, डोळ्यांची उघडझाप करते आणि दिल्लीपर्यंत कळतं की बाई जिवंत आहे, पेन्शन चालू ठेवा.

भारत सरकारच्या दरबारी आई हयात आहे. क्लबहाउसला अजून पुरावा मिळालेला नाही.

बरं, दार फक्त अंगठ्याने उघडतं हेही खरं नव्हे. आई स्टुलावर बसलेली असतानाच सेक्रेटरींचे साडू आले. ते आपल्या सोसायटीत राहत नाहीत, सुट्टीला येतात. पायात ओल्या स्लीपर, खांद्यावर टॉवेल, स्विमिंगवरून सरळ जिमकडे. त्यांनी डबीकडे पाहिलंही नाही. तुम्ही उठून उभे राहिलात (खरं तर उभेच होतात, स्टूल आईकडे होतं), सलाम केलात आणि टेबलाखाली हात घातलात. दार उघडलं. म्हणजे टेबलाखाली बटण आहे! इतकी वर्षं आम्ही या इमारतीचा मेंटेनन्स भरतो आहोत आणि बटणाची खबर आम्हाला साडूंकडून लागावी? साडूंच्या अंगठ्याबद्दल कोणाला काही विचारायचं नसतं, कारण साडूंचा चेहराच सेक्रेटरींचा असतो.

दहा वाजता मॅनेजरसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, बायोमेट्रिक कंपल्सरी आहे, ठराव झालेला आहे." कधी? गेल्या वार्षिक सभेत. ती सभा मला आठवते. गणपूर्ती नव्हती म्हणून अर्धा तास तहकूब केली, आणि मग चहा प्यायला थांबलेल्या मोजक्या मंडळींनी विषयपत्रिकेसकट सगळं मंजूर करून टाकलं. "आणि दुसरं म्हणजे," साहेब पुढे म्हणाले, "आजी मेंबर नाहीत ना, फ्लॅट तुमच्या नावावर आहे." मी विचारलं, मग साडूंच्या नावावर काय आहे? लाइन कट झाली. नेटवर्क असेल.

जिमबद्दलच्या बाकीच्या तक्रारी या पत्रात घालून तुमचा वेळ घेत नाही. एका ट्रेडमिलवर ‘दुरुस्ती सुरू आहे’ ही पाटी एवढी जुनी झाली आहे की आता पाटीच दुरुस्तीला आली आहे. साडेसात किलोचं डंबेल एकच आहे, त्याची जोडी कुठल्यातरी फ्लॅटमध्ये दार अडवायला वापरतात असा माझा संशय आहे. ट्रेनर आहेत, पण ते पर्सनल क्लायंटचे. इतरांशी त्यांचं बोलणं प्रोटीनच्या डब्याच्या किमतीपुरतं. बायकांसाठी राखीव वेळ दुपारी तीन ते चार, म्हणजे ज्या वेळेला मांजरही व्यायाम करणार नाही. एसीचा रिमोट ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बाहेरच्या जिमच्या फीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, पण आपला महिन्याचा मेंटेनन्स ७,५०० च्या वर गेला म्हणून त्यावर १८ टक्के चालूच आहे. घरच्या जिमला घरच्यासारखे दर नसतात एवढंच म्हणायचं.

हे सगळं मी सोसलं असतं. ते केसांना अंगठा घासणं मात्र सोसवत नाही.

आणि आता, काका, उपरोध बाजूला ठेवते, कारण तो तुमच्यापर्यंत पोहोचायच्या आधीच चुकीच्या पत्त्यावर जातो आहे. त्या स्टुलावर बसल्या बसल्या आईने तुमच्याशी गप्पा मारल्या. (पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईला गप्प बसता येत नाही.) तिने घरी येऊन मला सांगितलं. तुम्ही बीडकडचे. पंधरा-वीस हंगाम ऊस तोडलात. कोयता धरून, उसाची पाती ओढून तुमचीही बोटं कधीच गुळगुळीत झाली. गेटच्या केबिनमध्ये एजन्सीने तुमच्या हजेरीसाठी तसलीच डबी लावली आहे. तिलाही तुमचा अंगठा पटत नाही. ज्या दिवशी पटत नाही त्या दिवशी अर्धा खाडा. तुम्ही बारा तास उभे, तरी अर्धा खाडा. केसांना तेल लावून अंगठा घासायची युक्ती तुम्हाला आली कुठून हे मला तेव्हा कळलं.

आणखीही एक कळलं. तुमच्या शर्टावरच्या बिल्ल्यावर जे नाव आहे ते तुमचं नाहीच. ते तुमच्या आधीच्या वॉचमनचं. तो सोडून गेला, शर्ट राहिला, एजन्सीने तो तुम्हाला दिला, आणि शिंप्याचे पैसे वाचले. सगळी सोसायटी रोज सकाळी तुम्हाला दुसऱ्याच माणसाच्या नावाने हाक मारते आणि तुम्ही ओ देता. ज्या दाराला प्रत्येकाची ओळख अंगठ्यावरून पक्की करून घ्यायची आहे, त्या दारावर बसलेल्या माणसाचं नाव चुकीचं आहे आणि त्याबद्दल एकाही सभेत एकही ठराव नाही.

कमिटीच्या विद्वानांना माहीत असायला हवं की या देशात खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ सालचा कायदा आहे. त्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर प्रशिक्षण द्यायला सांगितलं आहे. आग लागली तर काय करायचं, कोणी कोसळलं तर प्रथमोपचार काय, हे त्यात येतं. तुम्हाला काय शिकवलं? आईने विचारलं. तुम्ही म्हणालात, "सलाम शिकवला, आन् बटन कुठंय ते." आठवड्याला ४८ तासांचा हिशेब कायद्याच्या पुस्तकात, तुमचे बारा तास, सातही दिवस, कॅल्क्युलेटर न घेताही ८४ होतात. रिलीव्हर आला नाही तर त्याच स्टुलावर रात्रही. जादा तासांना दुप्पट दर म्हणे. दुप्पट सोडा, अंगठा उमटला तर एकपट.

ट्रेडमिलवर कोणी छाती धरून पडला तर तुम्ही आत कसे जाणार काका? तुमचा अंगठा त्या दाराला लागत नाही. बटण टेबलाखाली आहे खरं, पण तक्रार आली तर दंड तुमच्या पगारातून. एजन्सीच्या माणसाने तसं लेखी दिलंय, तुम्ही आईला कागद दाखवलात. ‘ओळखीवर कोणालाही सोडल्यास कपात.’ याखाली शिक्का आणि सही. कोणी लिहिलं हे? ज्याने लिहिलं त्याला मी एवढंच विचारते: अरे, दारावर माणूस ठेवलास तो कशासाठी? माणूस माणसाला ओळखतो म्हणूनच ना? ओळखायचंच नसेल तर तिथे काठीला टोपी अडकवून ठेव, तिला पगारही लागणार नाही! शेतावर बुजगावणं उभं करतात ते पाखरांना भिववायला, आणि तुम्ही बारा तास जिवंत माणूस उभा करता तो कोणाला भिववायला? पोस्टातल्या निवृत्त बाईला?

माफ करा काका, आवाज चढला. तुमच्यावर नाही.

मुद्द्याचं सांगते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे नोटीस आता कधीही निघेल. मी त्या सभेसाठी ठराव देते आहे. त्यात चार गोष्टी आहेत. क्लबहाउसच्या दाराचं बायोमेट्रिक काढून साधं कार्ड किंवा तुमची ओळख चालवावी. तुमच्या हजेरीचं यंत्रही काढावं आणि त्याने खाल्लेले खाडे परत करायला लावावेत, नाहीतर एजन्सी बदलावी. तुमच्या नावाचा बिल्ला असलेला नवा शर्ट आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची, दोन्ही सोसायटीच्या खर्चाने. आणि टेबलाखालचं बटण टेबलावर आणावं, सगळ्यांना दिसेल असं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
आजींची मुलगी

ता. क. रहिवाशांनो, वॉचमनकाकांना लिहिलेलं पत्र तुम्ही इथपर्यंत वाचलंत, तेव्हा तुम्हालाही एक विनंती. ठरावाला अनुमोदक हवेत. कोरा कागद याच पत्राखाली टाचला आहे, नाव आणि फ्लॅट नंबर लिहून सही करा. सभेलाही या, आणि अर्धा तास तहकूब झाली की उठून जाऊ नका, चहा मी ठेवते. सहीला पेन घरूनच आणा. रजिस्टरचं चालत नाही.