250 च्या आकड्यास खुले पत्र

अडीचशे,

तुला नमस्कार घालण्याइतकं माझं मन मोठं नाही, म्हणून सरळ नावाने हाक मारते.

25 डिसेंबर 2000 रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, तेव्हापासून तू खेड्यांच्या रस्त्यात आडवा बसला आहेस. सपाटीच्या गावांना पाचशे लोकसंख्येची अट, आदिवासी भागात तुझी. वस्तीत 250 माणसं भरली तर बारमाही रस्त्याला पात्र. 240 भरली तर चिखल तुडवत बसा. मला एवढंच सांग, दहा माणसं कमी असलेल्या पाड्यावर बाईला कळा कमी येतात का? तिथल्या सापाला विष कमी असतं का?

जव्हार-मोखाड्याकडे पावसाळ्यात ये, तुझी करणी बघायला मिळेल. बाई अडली की बांबूला चादर बांधायची, तिला झोळीत घालायचं, दोघांनी खांदा द्यायचा, दोघांनी बदलीला मागे चालायचं, एकाने पुढे बॅटरी धरायची. ओहोळाला पाणी आलेलं असलं की सगळ्यांनी काठावर उभं राहायचं. कळा तेवढ्या थांबत नाहीत. ऑगस्ट 2022 मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर जुळी बाळं दगावली आणि रक्तस्राव होत असलेल्या आईला डोंगरवाटेने डोलीतून न्यावं लागलं. बातमी छापून आली, मंत्रालयापर्यंत गेली. तू जागचा हलला नाहीस.

तू अडवलेल्या रस्त्यामागे बाकीचं सगळं अडतं. रस्ता तिथे एसटी, हे महामंडळाचं ब्रीद. म्हणजे रस्ता नाही तिथे एसटीही नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, चांगली योजना आहे. पाड्यावरची मुलगी तो पास भिजू नये म्हणून तेलाच्या रिकाम्या पिशवीत घालून दप्तरात ठेवते आणि फाट्यापर्यंत चालते. बस चुकली की जीपच्या मागे लटकायचं, त्याचे पैसे वेगळे. थोड्या दिवसांनी आईबापच म्हणतात, राहू दे आता शाळा.

आणि ज्या मोजणीच्या जोरावर तू बसला आहेस, ती कधी होते? 2011 ची जनगणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. या पाड्यांवरची निम्मी घरं तेव्हा बंद असतात. दिवाळी झाली की माणसं पोराबाळांसह भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात. कोणी शिमग्याला येतं, कोणी थेट पावसाच्या तोंडावर. जनगणनेचा नियम असा की सगळा मोजणीकाळ जो बाहेर, तो घरी मोजला जात नाही. शिमगा त्या वर्षी मार्चमध्ये होता. म्हणजे माणसं परतायच्या आधीच वही मिटलेली. गावात काम नाही, बाजाराला जायला रस्ता नाही म्हणून ती जगायला बाहेर पडली, आणि बाहेर पडली म्हणून तुझ्या हिशेबात कमी भरली. पोटासाठी गाव सोडणाऱ्याचा रस्ता त्याच कारणावरून कापणं याला मी लबाडी म्हणते. नियमात बसणारी असली तरी लबाडीच.

2021 ची जनगणना झालीच नाही. 2024 मध्ये योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला, 25,000 वस्त्यांसाठी, आणि त्यालाही आधार 2011 च्याच आकड्यांचा. तेव्हा जन्मलेलं पोर त्या वर्षी तेरा वर्षांचं झालं होतं, आणि तुझ्या कागदावर ते अजून पाळण्यात आहे.

आता माणसं मोजायला लोक पुन्हा येणार आहेत, 2027 च्या फेब्रुवारीत. पुन्हा भट्ट्या पेटलेल्या असतील, पुन्हा दारांना कड्या असतील. रस्त्यासाठी पाड्याची माणसं भातलावणीच्या दिवसांत मोजा, सगळा पाडा शेतात उभा सापडेल. ग्रामसभेत नावं वाचा, रेशनकार्डं पडताळा. आणि तरीही आकडा 240 निघाला, तर त्या 240 जणांना रस्ता द्या आणि तू तिथून ऊठ.

तुझी कुणीही नाही,
डोली उचलणाऱ्यांच्या गावची एक बाई