१०६ नंबर

न्यू जर्सीत इतकी वर्षं काढूनही बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण जुनी बेसबॉल कार्डं जमवणारी माणसं मात्र मला फार आवडतात. त्यातही आख्खा सेट पुरा करायच्या मागे लागलेली. सुटं कार्ड घेणाऱ्याला नामांकित खेळाडू हवा असतो. पैसे मोजले की विषय संपला. मिकी मँटलचं १९५२चं एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, त्यात घेणाऱ्याचं कौतुक ते काय? सेटवाल्याला राखीव बाकावर जन्म काढलेला गडीही तितकाच हवा असतो. कारण कार्डाच्या पाठीवर नंबर असतो, आणि वहीतला एक नंबर रिकामा राहिला की त्याला जेवण गोड लागत नाही.

ही खोड कंपन्यांनी चांगलीच ओळखली होती. बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीने १९३३ साली, ऐन मंदीत, एका सेंटच्या च्युइंगगमबरोबर कार्डं द्यायला सुरुवात केली. सेट २४० कार्डांचा. त्यात बेब रूथ एकदा नव्हे, चार वेळा. आणि १०६ नंबर एकदाही नाही! तो छापलाच नव्हता. पोरं बिचारी खाऊचा सेंट सेंट घालून गम चघळताहेत, जबडे दुखताहेत, १०५ येतो, १०७ येतो, मधला गडी बेपत्ता. शेवटी तक्रारीची पत्रं गेली. तेव्हा कुठे १९३४मध्ये कंपनीने १०६ नंबर छापला. तोही नॅप लाझवेचा, जो मोठ्या लीगमधून १९१६लाच बाहेर पडला होता. ज्यांनी पत्रं लिहिली, त्यांनाच तो टपालाने धाडला, पत्राला क्लिपने अडकवून. त्या क्लिपचा वण काही कार्डांवर आजही दिसतो. जाणकार वण दिसला की नाक मुरडतात. मला विचाराल तर सबंध सेटमधली सगळ्यात प्रामाणिक खूण तीच.

आमच्या शेजारचे निवृत्त पोस्टमन टॉप्स कंपनीचा १९५२चा सेट जमवताहेत. कार्डं ४०७. शेवटची मालिका ३११पासून सुरू होते, मँटलपासूनच. ती बाजारात आली तेव्हा बेसबॉलचा हंगाम सरत आला होता, पोरांचं लक्ष उडालं होतं. माल पडून राहिला. शेवटी १९६० साली कंपनीच्या साय बर्जरने खोकीच्या खोकी बोटीत घालून अटलांटिकमध्ये बुडवली. पोस्टमनकाका हे सांगताना दर वेळी समुद्राच्या दिशेला बघतात.

पण त्यांचा खरा जीव १ नंबरवर. अँडी पाफ्को. खेळाडू चांगला, पण मँटल नव्हे. तरी त्याचं कोरं करकरीत कार्ड भल्याभल्यांच्या खिशाला परवडत नाही. कारण पोरं शिस्तीची! कार्डं नंबरवार लावायची, वर रबरबँड चढवायचा आणि गठ्ठा खिशात कोंबायचा. गठ्ठ्यात सगळ्यात वर पाफ्को; म्हणजे घाम, धूळ, गळफास, सगळं त्याच्याच नशिबी. दोन नंबरचा मजेत.

काकांनी नुकताच एक पाफ्को घेतला. कोपरे गोल झालेले, दोन्ही कडांना रबराच्या खाचा. मी म्हटलं, “जरा बरा नव्हता का मिळत?” त्यांनी कार्ड माझ्यासमोर धरलं. “बघ, खाच तिरकी आहे. मी रबरबँड असाच तिरका लावायचो.”

त्यांचा लहानपणीचा गठ्ठा आईने घर आवरताना फेकून दिला होता. अमेरिकेतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांची हीच कैफियत आहे. आणि आयांनी तो कचरा काढला नसता तर आज या कार्डांना कुणी विचारलं नसतं, हेही तितकंच खरं. काकांचा ठाम समज आहे, की आपण आपलीच कार्डं परत विकत घेतो आहोत, फक्त जरा चढ्या भावाने. या खेपेला ती त्यांनी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आहेत. तिथे दिवाळीची साफसफाई होत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. कल्पना त्यांना पटली; दिवाळी म्हणजे काय, ते अजून सांगायचं आहे.