मामा ब्लूजमध्ये

मला गाण्यातलं कळतं असं माझ्याबद्दल एक मत आहे. ते मीच पसरवलंय. पुरावा म्हणून कॉम्प्युटरवरची लायब्ररी: कॅसेटींवरून उतरवलेली, राग आणि घराण्यांप्रमाणे लावलेली. घरी आलेल्याला ती दाखवल्याशिवाय मी चहा देत नाही. त्यामुळे हल्ली लोक चहा पिऊनच येतात.

तर ही लायब्ररी फोनमध्ये काही केल्या जाईना. "बाबा, ही वायर नुसती चार्जिंगची आहे. डेटाच्या ताराच नसतात हिच्यात," मुलगी म्हणाली. मग हे विकणाऱ्याने सांगायला नको? नवी वायर आणली, तर पडद्यावर विचारणा: हा फोन दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, त्यातलं सगळं पुसून ही भरू का? ती दुसरी लायब्ररी मुलीच्या जुन्या लॅपटॉपवरची. फोनला हे एकपत्नीव्रत कोणी दिलं कोण जाणे. पुसलं, भरलं.

आणि फोनमध्ये भीमसेन जोशी तीन निघाले. एक नुसते, एक 'पं.' लावलेले, एक 'पंडित' असे ऐसपैस. त्यातले दोघे 'ब्लूज' या सदरात! एमपीथ्री फाइलीच्या शेपटाला माहितीची चिठ्ठी चिकटवायची पद्धत 1996 सालची. जागा सगळी 128 बाइट्सची, गाण्याच्या नावाला 30 अक्षरं, आणि संगीतप्रकाराला फक्त एक आकडा. शून्य म्हणजे ब्लूज. कोणी काही भरलं नाही आणि तिथे शून्य राहिलं, की किराणा घराणं थेट मिसिसिपीच्या काठी.

यापेक्षा गौहर जान बऱ्या. 1902 साली कलकत्त्यात त्यांनी ग्रामोफोनसाठी गायलं, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या माणसांना लेबलावर काय लिहायचं ते कळावं, म्हणून बाई गाणं संपताच स्वतःचं नाव सांगून मोकळ्या व्हायच्या, तेही इंग्रजीत. तीन मिनिटांत राग उभा करायचा आणि वर नावापुरती जागा राखायची! आजचे गवय्ये तीन मिनिटांत तंबोराही लावत नाहीत. (लावला तरी माईकवाल्याशी बोलणं बाकी असतं.) चिठ्ठी गाण्याच्या पोटातच, कुठलं सिंक ती पुसणार? आणि तो ठसका! नाव सांगताना बाई जराही लाजत नाहीत. या विषयावर मी मुलीशी पुष्कळ बोललो. मधे कधीतरी ती उठून कुकर लावून आली.

"पण बाबा, अ‍ॅपवर सगळं मिळतं की. कशाला हा उपद्व्याप?"

सगळं मिळत नाही. माझे मामा मिळत नाहीत. त्यांनी जन्मभर पेटीची साथ केली, गणपतीत, देवळांत, कोणाकोणाच्या दिवाणखान्यांत. त्या चिठ्ठीत गायकाला रकाना आहे, अल्बमला आहे, सालाला आहे, साथीदाराला नाही. यंत्राला तरी काय बोलायचं? आमच्या निमंत्रणपत्रिकांतही 'व साथीदार' एवढंच छापलेलं असायचं. गायक जागा घेऊन श्वासाला थांबतो, तेवढ्या फटीत मामांची पेटी तीच जागा दबक्या आवाजात पुन्हा घेते, किंचित उशिरा, जणू परवानगी विचारून. खरं सांगायचं तर त्या फटींसाठीच मी माझ्या कॅसेटींवरच्या काही गायकांना सहन करतो.

म्हणून चिडून एका रात्रीत सगळं उलटं केलं. कलाकाराच्या रकान्यात मामा, आणि बुवा खाली 'शेरा' मध्ये. सिंक मारलं. या खेपेला निमूटपणे झालं.

दुसऱ्या दिवशी फोन घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, फोन हातभर लांब धरला आणि बराच वेळ स्वतःचं नाव वाचत राहिले. मग त्याखालची ओळ वाचून कपाळाला आठ्या.

"हे ब्लूज कोण रे? तबल्याला तर त्या दिवशी दुसरंच कोणीतरी होतं."